पन्नास रुपयांचा फरक

यंदाच्या अंकाचा विषय ‘जुळवाजुळव’ आहे, असं संपादकांनी जूनमध्येच फोन करून कळवलं होतं. विवाहमंडळं, आघाडी सरकारं, तंबोऱ्याच्या तारा हे सगळं माझ्याआधी कुणी ना कुणी पटकावलं होतं. मी म्हटलं, ‘‘बँक रिकन्सिलिएशनवर लिहितो.’’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग, ‘‘म्हणजे पासबुक जुळवणं ना? त्यावर लिहिण्यासारखं काय आहे?’’

काय आहे ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. पण आमच्याच इमारतीत एक ताई राहतात. रोज दहाच्या ठोक्याला खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून त्यांची स्कूटर बाहेर पडते. पुण्याच्या पेठांमधल्या अकरा दुकानांचे हिशेब त्या ठेवतात. एका दुकानात आठवड्यातून दोनदा, मंगळवार-शुक्रवार, दुसरीकडे पंधरवड्यातून एकदा, असं त्यांचं वेळापत्रक. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं पहिलं रिटर्न आणि २० तारखेला दुसरं, या दोन तारखांच्या मध्ये त्या जिन्यात भेटल्या तरी थांबत नाहीत. मी विषय काढला तेव्हा त्या हसल्या. ‘‘लोकांना वाटतं आम्ही बेरजा करतो. बेरजा टॅली सॉफ्टवेअर करतं. आम्ही भांडणं सोडवतो. एक वही म्हणते पैसे गेले, दुसरी म्हणते अजून माझ्याकडेच आहेत.’’

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मागोमाग मी तपकीर गल्लीत गेलो.

पोटमाळ्यावर

तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रिकल मालाचा बाजार. वायरची भेंडोळी, स्विचचे खोके, पंख्यांची पाती, आणि गणपती जवळ आले की दारोदारी लटकणाऱ्या एलईडी माळा. पावसात या गल्लीत छत्री उघडायची सोय नसते, कारण दोन्ही बाजूंच्या दुकानांचा माल अर्ध्या वाटेवर आलेला असतो. आम्ही गेलो ते दुकान दहा बाय वीसचं. मालक पन्नाशी ओलांडलेले; ताई त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. त्यांचा पुतण्या काउंटर सांभाळतो आणि जमेल तशा टॅलीत नोंदी करतो. लोखंडी शिडीने वर गेलं की पोटमाळा. तिथे एक टेबल, एक टेबलफॅन, खरेदीच्या बिलांची फुगलेली फाइल आणि तारेत ओवलेल्या पावत्या. ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं.

काम होतं ३१ जुलैअखेर चालू खात्याचा ताळमेळ लावण्याचं. बँकेचं स्टेटमेंट ई-मेलने आलेलं; उघडायला पासवर्ड, आणि तो काकांच्या नावाची पहिली अक्षरं अधिक जन्मतारीख असा काहीतरी. काकांची खरी जन्मतारीख आणि कागदोपत्रीची जन्मतारीख वेगळी आहे, हे त्या वेळी कळलं. तिसऱ्या प्रयत्नाला फाइल उघडली. पानं ३८. पूर्वी याच दुकानाचं महिन्याचं पासबुक दीड पानात संपायचं, असं काका म्हणाले. २०१६मध्ये यूपीआय आलं, आणि होल्डर घेणाराही स्कॅन करून २५ रुपये थेट खात्यात टाकू लागला. देशभरात महिन्याला २,००० कोटींहून अधिक यूपीआय व्यवहारांचा टप्पा ऑगस्ट २०२५मध्ये गाठला गेला. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या स्टेटमेंटमध्ये छापली जाते, आणि ती वाचणारं माणूस बहुधा अशाच एखाद्या पोटमाळ्यावर बसलेलं असतं.

माझं येणं, तुझं देणं

नवख्याचा पहिला गोंधळ जमा आणि नावे यांवरून होतो. दुकानाच्या वहीत बँकेत पैसे आले की बँकेचं खातं नावे पडतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तीच रक्कम जमा दिसते. पुतण्याने पहिल्या महिन्यात हे पाहून सगळ्या नोंदी उलट्या केल्या होत्या, असं ताईंनी त्याच्यादेखत सांगितलं, आणि तो खाली बघून वायर मोजू लागला.

यात कुणीच चुकीचं नसतं. स्टेटमेंट हा आपल्या हिशेबाचा कागद नव्हे, बँकेच्या खतावणीतलं आपलं पान आहे. आपले पैसे बँकेकडे आहेत, म्हणजे बँक आपलं देणं लागते. तिच्या वहीत आपण सावकार, आपल्या वहीत ती ऋणको. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांनी एकाच भिंतीला डावी आणि उजवी म्हणावं, तसं हे. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजींना हे शिकवावं लागत नसे. ‘तुझ्या वहीत माझं काय निघतं ते दाखव’ हा व्यापारातला नेहमीचाच प्रश्न होता. पेढीवरच्या दोन वह्या समोरासमोर मांडून खातं मिळवणं म्हणजेच ताळमेळ. फरक इतकाच की आता दुसरी वही कधीच समोर बसत नाही. ती पासवर्ड लावून येते.

दोन्ही वह्या प्रामाणिक असल्या तरी एकाच दिवशी त्यांच्या शिलका सारख्या नसतात, कारण बातमी पोचायला वेळ लागतो. काकांनी चेक लिहिला की त्यांच्या वहीतून पैसे त्याच क्षणी गेले. बँकेला ते कळतं समोरच्याने चेक भरल्यावर, आणि समोरचा तीन महिन्यांच्या मुदतीत कधीही भरू शकतो. उलट बँकेने कार्ड मशीनचं भाडं कापलं की ते तिच्या वहीत लगेच, काकांच्या वहीत कुणी स्टेटमेंट वाचेल तेव्हा.

सत्तेचाळीस हजार दोनशे

आता ती दुपार. टॅलीतली शिलक २,८६,३४०. बँकेची शिलक ३,३९,७००. बँकेत ५३,३६० रुपये जास्त. काका शिडीवरून डोकं वर काढून म्हणाले, ‘‘जास्त आहेत ना? मग चांगलंच की!’’ ताईंनी उत्तर दिलं नाही.

ताई येण्याआधी पुतण्याने आपलं काम करून ठेवलं होतं. मुंबईच्या लोहार चाळीतल्या घाऊक व्यापाऱ्याला दिलेला २६,५०० चा चेक अजून वटलेला नाही, हे त्याला माहीत होतं. फरक उरला २६,८६०. एका गिऱ्हाइकाचा ८,००० चा चेक ३१ तारखेला संध्याकाळी पेटीत टाकला होता, तो बँकेत १ तारखेला दिसला. म्हणून फरक वाढून ३४,८६०. त्याच दिवशी कार्ड मशीनवर झालेली ११,८०० ची विक्री दुसऱ्या दिवशी जमा झाली, फरक ४६,६६०. मशीनचं भाडं ५०० आणि त्यावर ९० रुपये जीएसटी बँकेने कापले, आपण लिहिलेच नव्हते, फरक ४७,२५०.

इथे पुतण्याचा चेहरा उजळला. भोसरीतल्या एका कारखान्यात त्यांनी वायरिंगचं काम केलं होतं. मजुरीसह ४०,००० आणि जीएसटी ७,२००, असं ४७,२०० चं बिल येणं होतं. पैसे आल्याचं काका कधीतरी म्हणाले होते. ‘‘म्हणजे ते बिल. आणि पन्नास रुपये टाकतो राउंड ऑफला. झालं!’’

मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, हे कबूल करायला हवं. सव्वातीन लाखांच्या खात्यात पन्नास रुपये.

ताई म्हणाल्या, ‘‘स्टेटमेंटमध्ये सत्तेचाळीस दोनशे दाखव मला.’’

त्याने शोधलं. नव्हते. पान २२ वर एनईएफटीने आलेले ४६,८०० होते, त्यापुढे कारखान्याच्या नावाची पाच अक्षरं आणि मग सोळा अक्षरांचा यूटीआर क्रमांक. कारखान्याने बिलातून टीडीएस कापला होता. काकांची फर्म एकट्याच्या मालकीची, म्हणून एक टक्का. तोही जीएसटी सोडून ४०,००० वर. बरोबर ४००. हे चारशे काकांच्या पॅन नंबरवर सरकारकडे भरलेले असतात, प्राप्तिकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतात, आणि रिटर्न भरताना ते मागून घ्यायचे असतात. पुतण्याची नोंद राहिली असती तर वहीच्या लेखी बिलाचे पूर्ण पैसे आले होते. चारशे कापल्याचं कुणाच्या लक्षात आलं असतं?

‘‘आणि उरलेले?’’ मी विचारलं. ४७,२५० मधून ४६,८०० गेले तर उरतात ४५०.

ताईंनी कॅल्क्युलेटरवर ४५० भागिले ९ केलं. ५०. ‘‘आकडे उलटे पडलेत कुठेतरी. पाच फरकाचे दोन आकडे शोध.’’ दोन मिनिटांत सापडले. गल्लीतल्याच एका स्विचवाल्याला ५,२७० दिले होते आणि टॅलीत ५,७२० लिहिले होते.

तेव्हा ते पन्नास रुपये किरकोळ नव्हतेच. चारशेची एक चूक आणि साडेचारशेची दुसरी, यांची ती वजाबाकी होती. दोन्ही चुका वहीत शाबूत ठेवून वर राउंड ऑफचं झाकण बसलं असतं. स्विचवाल्याच्या खात्यावर साडेचारशे जास्त गेल्याचं दिसलं असतं आणि दिवाळीत त्याच्याशी वाद झाला असता. ताईंनी नोंदी दुरुस्त केल्या. दुकानाची खरी शिलक आली ३,३३,०००. बँकेच्या ३,३९,७०० मधून न वटलेला चेक वजा केला, वाटेतला चेक आणि कार्डाचे पैसे मिळवले, तरी ३,३३,०००. पुतण्या खाली गेला आणि तीन कटिंग घेऊन आला.

नवाचा ताळा

नवाने भागण्याच्या युक्तीबद्दल ‘‘आमच्या सरांकडून आली,’’ इतकंच ताई म्हणाल्या. मी ती घेऊन आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांकडे गेलो. वय ८१. त्यांनी चष्मा पुसत मला शाळेत नेलं. ‘‘ताळा म्हणजे काय? गुणाकार बरोबर आहे का ते बघायला आम्ही अंकांची बेरीज करून नऊ टाकत जायचो. तोच हा ताळा. ताळमेळातला, ताळेबंदातला.’’

कारण साधं आहे. ७२ चे २७ झाले की सात दहांचे सात एकं झाले आणि दोन एकांचे दोन दहं. प्रत्येक आकड्याने नऊ पट उडी मारली, एकाने खाली, एकाने वर. म्हणून फरक नेहमी नवाच्या पाढ्यात. भागाकार केला की त्या दोन आकड्यांमधलं अंतरही कळतं. त्यांनी दुसरी युक्ती सांगितली : फरकाचं निम्मं करा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधा. सापडली तर ती जमेच्या जागी नावे पडलेली असते, कारण उलट बाजूला गेलेली रक्कम दुप्पट फरक पाडते. ‘‘या दोन्हीत नाही बसलं, तर मग देवाचं नाव घेऊन पहिल्या पानापासून.’’

संगणक येण्याआधी त्यांच्या शाखेचा रोजचा हिशेब मिळाल्याशिवाय घरी जाता येत नसे. ३० जून आणि ३१ डिसेंबरच्या सहामाही क्लोजिंगला तर शेवटची पीएमटी बस चुकणार हे घरी सांगूनच निघायचं. एकदा कॅशमध्ये दोन रुपये जास्त निघाले. एका नव्या पोराने ते खिशात घालून हिशेब मिळवला आणि हसत घरी निघाला. मॅनेजरने त्याला दारातून परत बोलावलं. ‘‘कमी पडले तर ओरडायचे, पण जास्त निघाले तर जास्त ओरडायचे,’’ ते म्हणाले. ‘‘कमी पडलेले आपले जातात. जास्त निघालेले कुणाचे तरी आलेले असतात.’’

या वाक्यावर मी त्या दिवशी घरी येईपर्यंत विचार करत होतो. तपकीर गल्लीतल्या काकांचं ‘जास्त आहेत ना, मग चांगलंच की’ आठवत होतं.

मशीनचे पैसे कापून येतात

कार्ड मशीनची गंमत वेगळी. गिऱ्हाइकाने ११,८०० चं कार्ड ओढलं तरी खात्यात तेवढे येत नाहीत. क्रेडिट कार्डावर समजा दोन टक्के कमिशन असेल, तर २३६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४२ रुपये ४८ पैसे कापून ११,५२१ रुपये ५२ पैसे येतात. तेही एकेकटे नव्हेत. दिवसभरातल्या सगळ्या कार्डांचा गठ्ठा रात्री बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी एकच रक्कम पडते. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला असं कमिशन नाही, इतर डेबिट कार्डांवर वेगळा दर, क्रेडिट कार्डांवर वेगळा. म्हणजे आलेल्या एका रकमेत किती जणांचे, कुठल्या दराने कापलेले पैसे आहेत, हे रकमेकडे बघून कळणं अशक्य.

बरेच दुकानदार यावर सोपा उपाय करतात : जे खात्यात आलं तीच विक्री. ताईंचा यावर राग आहे. विक्री ११,८०० ची झाली, जीएसटी त्यावर द्यायचा आहे. कमिशन हा खर्च आहे आणि त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं, फक्त बँकेकडे दुकानाचा जीएसटी नंबर नोंदवलेला हवा. कापून आलेला आकडा विक्री म्हणून लिहिला की विक्रीही खोटी आणि खर्चही गायब. म्हणून त्यांनी आता टॅलीत ‘कार्ड मशीन येणे’ असं एक मधलं खातं काढलं आहे. विक्री आधी तिथे जाते, बँकेत पैसे आले की तिथून वजा होतात, कमिशन तिथूनच खर्चात टाकलं जातं. महिन्याच्या शेवटी त्या खात्यात फक्त शेवटच्या दिवसाची विक्री उरली पाहिजे. त्याहून जास्त उरलं तर कुठल्यातरी दिवसाचे पैसे आलेलेच नाहीत.

आणि येत नाहीत, असं होतं. एका दुसऱ्या दुकानात, नाव गाव सांगत नाही, मशीनचा गठ्ठा दोन दिवस बंदच झाला नव्हता. हातात चिठ्ठ्या होत्या, गिऱ्हाईक माल घेऊन गेलं होतं, पैसे कुठेच नव्हते. सात आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं.

पंधरा तारखेपासून चौदा तारखेपर्यंत

काकांचं क्रेडिट कार्ड मात्र बाजारातलं नव्हे, घरातलं. स्वतःच्या नावावरचं. त्यावर ड्रिल मशीन घेतलं जातं, स्कूटरचं पेट्रोल भरलं जातं, मुलीच्या क्लासची फी जाते आणि रविवारी हॉटेलात जेवणही होतं. ताईंनी दर वेळी विनवलं आहे की धंद्याचं कार्ड वेगळं करा. काका दर वेळी ‘पुढच्या महिन्यापासून’ म्हणतात.

पहिली अडचण तारखांची. बँकेचा महिना १ ते ३१, कार्डाचं बिल १५ ते १४. जुलैचा खर्च दोन बिलांत विभागलेला. दुसरी अडचण नावांची : दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि बिलावर त्याच्या कंपनीचं भलतंच. ज्या नावापुढे १,१८० दिसतात ते गोडाऊनचं कुलूप होतं की आइस्क्रीम, हे फक्त काका सांगू शकतात, आणि काकांना आठवत नाही. ताई तेव्हा तारीख आणि वार सांगतात. ‘‘रविवार, रात्री नऊची.’’ काका लाजून म्हणतात, ‘‘मग आइस्क्रीम.’’ घरचा खर्च मालकाची उचल म्हणून वेगळा निघतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महागाची, आणि मी पाहिलेल्या तीन दुकानांपैकी दोन ठिकाणी ती झालेली होती. ड्रिल मशीनचं बिल आलं तेव्हा ते खर्चात लिहिलं. महिन्याने बँकेतून कार्डाचे ३८,६०० गेले, तेव्हा तेही ‘दुकान खर्च’ म्हणून लिहिले. तोच खर्च दोनदा. कार्डाचं बिल भरणं म्हणजे खर्च नव्हे, उधारी फेडणं. खर्च स्वाइप केलं त्या दिवशीच झाला. ताई कार्डालाही एका खात्यासारखं वागवतात, एखाद्या उधारी देणाऱ्या सावकाराचं असावं तसं. कार्डाच्या बिलावरची शेवटची थकबाकी आणि टॅलीतली त्या सावकाराची शिलक एक झाली की तो महिना बंद.

या तपासणीत काकांनी दोन वर्षांपूर्वी सलग तीन महिने फक्त ‘किमान देय’ भरल्याचं बाहेर आलं होतं. किमान रक्कम भरली की बिल भरलं, अशी त्यांची समजूत. उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ४२ टक्के व्याज लागत होतं. शिवाय जुनी बाकी असेल तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पेट्रोल भरल्या दिवसापासून व्याज सुरू. व्याजावर पुन्हा जीएसटी. खासगी सावकाराने हा दर सांगितला असता तर काकांनी त्याला शिडीवरून खाली ढकललं असतं.

मोठ्यांच्या वह्या

पोटमाळ्यावरचं काम छोटं वाटत असेल तर मुंबईच्या फोर्टात एक फेरी मारावी. एप्रिल १९९२मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी रोखे घोटाळ्याची बातमी फोडली. त्याच्या मुळाशी दोन वह्याच होत्या. सरकारी रोखे तेव्हा बँकांच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातल्या खतावणीत असत. स्टेट बँकेची स्वतःची वही जितके रोखे आपले म्हणत होती, तितके त्या खतावणीत नव्हते. दोन्ही वह्या वेळच्या वेळी समोरासमोर ठेवल्या जात नव्हत्या, आणि त्या मधल्या फटीतून बँकांचा पैसा शेअर दलाल हर्षद मेहतामार्फत शेअर बाजारात वाहत होता.

फेब्रुवारी २०१८मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा फोर्टातलीच गल्ली आणि तोच दोन वह्यांचा मामला. हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांसाठी परदेशातल्या बँक शाखांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते. बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. एका वहीत हजारो कोटींची जबाबदारी, दुसरीत कोरं पान. रिझर्व्ह बँकेने नंतर दोन्ही प्रणाली जोडून घ्यायला लावल्या. हे मी ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांच्याकडे कुणी मंगळवार-शुक्रवार येत नव्हतं.’’

तीन दिवस

मंगळवार-शुक्रवारही पुरत नाही, अशी एक जागा आहे. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले आणि चूक ना बँकेची ना आपली, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली की ग्राहकावर भार येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकात आहे. चार ते सात दिवस लावले तर काही भार आपल्यावर, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. महिनाअखेर स्टेटमेंट मागवून जुळवणाऱ्याला हा व्यवहार दिसतो तेव्हा तिसरा दिवस केव्हाच उलटलेला असतो. मेसेज येतो, हे खरं. पण दिवसाला दीडशे मेसेज येणाऱ्या फोनवर एकशेएक्कावन्नावा कोण वाचतो? म्हणून ताईंनी पुतण्याला एक काम लावलं आहे. रोज दुकान उघडल्यावर, उदबत्ती लावून झाली की, आदल्या दिवशी खात्यातून बाहेर गेलेल्या रकमा तेवढ्या बघायच्या. आलेल्या नंतर बघता येतात. बाहेर जाणाऱ्या दिवसाला पाच-सातच असतात, त्याला चार मिनिटं लागतात. पहिले दहा दिवस त्याने केलं. मग गणपतीची गर्दी सुरू झाली. मी परत गेलो तेव्हा तो पुन्हा करायला लागला होता, कशामुळे ते कुणी मला सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

परत गेलो ते सप्टेंबरअखेर. गल्लीत आता दिवाळीच्या माळा. काका मोबाइलवर बँकेचं ॲप उघडून बसले होते, नव्या मालाची ऑर्डर द्यायची होती. ‘‘खात्यात दिसताहेत तेवढे. आणखी चार पेट्या मागवू का?’’

ताईंनी लॅपटॉप न उघडताच विचारलं, ‘‘लोहार चाळीचा चेक वटला?’’

नव्हता वटला. २८ जुलैचा चेक, २६,५००, दोन महिने यादीच्या पहिल्या ओळीवर. ॲपमधल्या शिलकेत ते पैसे अजून काकांचेच दिसत होते. ताईंनी बोटांवर मोजलं : ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, २८ ऑक्टोबरच्या आसपास चेकची मुदत संपणार, म्हणजे ऐन दिवाळीच्या धामधुमीत नवा लिहून द्यावा लागणार. काकांनी पेट्यांचा विचार बाजूला ठेवला आणि मुंबईला फोन लावला. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला ‘पैसे घ्या हो’ म्हणून गळ घालताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

‘‘शेठ, तो चेक टाका ना एकदाचा बँकेत... नाही हो, पैसे आहेत, पैशाचं काही नाही... अहो आमच्या ताई ऐकत नाहीत...’’

मग काका बराच वेळ नुसते ‘बरं, बरं’ करत राहिले. फोन ठेवला.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘सापडत नाहीये म्हणतात.’’

ताईंनी बॅगेची चेन उघडली आणि लॅपटॉप बाहेर काढला.